एकशे ब्याण्णव मतांचा हिशेब



एका मध्यम सूतगिरणीच्या एका पाळीत किती माणूस असतो? ब्लोरूमपासून पॅकिंगपर्यंत मोजला, झाडूवाले आणि बदलीवाले धरले, तर दीड-दोनशेच्या घरात जातो. तेवढ्याच माणसांच्या मतांनी, नेमकं सांगायचं तर १९२ मतांनी, १९९५ साली सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात गणपतराव देशमुख पडले. १९६२ पासून त्या तालुक्याने ज्याला सात वेळा निवडून दिलं, तो माणूस एका पाळीच्या मतांनी घरी बसला!

आज आम्ही या गृहस्थांची निवडणुकांची कहाणी तुमच्यापुढे मांडणार आहो. कुणी म्हणेल, सांगोल्याच्या दुष्काळी रानातल्या आमदाराशी आम्हां गिरणीवाल्यांचा काय संबंध? संबंध आहे. ज्या शेतकरी कामगार पक्षाच्या नावातच आपलं नाव आहे, त्या पक्षाचा हा माणूस. आणि आमदार कसा असावा, कसा टिकतो, कसा पडतो, याचा धडा आपल्याला लालबाग-परळात जेवढा मिळाला नाही तेवढा सांगोल्यात मिळतो. म्हणून जरा बैजवार ऐका.

संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ च्या फेब्रुवारीत उभी राहिली, १९५७ च्या निवडणुकीत तिने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं, आणि १ मे १९६० ला राज्य झालं. राज्य मिळालं आणि समिती फुटली. ज्याला त्याला आपापली चूल आठवली. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण जोरात होतं, आणि बेरीज व्हायची ती नेहमी एकाच बाजूला. शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांतले केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे तर त्याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. राज्य होण्याच्या सुमारास यशवंतराव मोहितेही गेले. अशा पडझडीत १९६२ ची निवडणूक आली. विधानसभेच्या २६४ जागा, त्यांतल्या २१५ काँग्रेसच्या. शेकापचे आले अवघे १५. त्या पंधरांत सांगोल्याचे एक वकील होते, मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. तेच गणपतराव.

म्हणजे बघा, वारा पाहून पाल लावायचा असता, तर तो दिवस त्यालाच होता. जाणारे सगळे जात होते, यांना दार उघडं होतं. गेले नाहीत. पुढे साठ वर्षं गेले नाहीत.

१९६७ साली पुन्हा आले, पक्षाचेही १९ आले. पण १९७२ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप सातावर आला, आणि सांगोल्यात काकासाहेब साळुंखे-पाटलांनी गणपतरावांना पाडलं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या उरावर तो दुष्काळ बसला. म्हातारी माणसं अजून "बहात्तरचा" म्हणूनच त्याचं नाव घेतात. खडी फोडायला सारा तालुका रस्त्यावर, आणि त्यांचा वकील विधानसभेच्या बाहेर. पडलेला उमेदवार काय करतो हे आपण पुष्कळ पाहिलं आहे. कचेरीला कुलूप लावतो, पाच वर्षांनी नवा सदरा घालून येतो आणि "विसरला तर नाही ना?" म्हणून विचारतो. हे गृहस्थ तालुका सोडून हलले नाहीत. १९७४ साली पोटनिवडणूक लागली, आणि लोकांनी त्यांना परत पाठवलं. त्याच दुष्काळाच्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. मागेल त्याला काम, हे महाराष्ट्राने देशाच्या आधी कायद्यात लिहिलं. ते कुणा एकाचं श्रेय नव्हे. ज्यांनी खडी फोडली त्यांचं ते पहिलं.

मग १९७८, ८०, ८५, ९०. चारी वेळा आले. १९७८ साली पुलोदच्या सरकारात मंत्री झाले, १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकारच बरखास्त झालं, यांनी पुन्हा एस.टी. धरली. एस.टी.चं आम्ही थट्टेनं म्हणत नाही. आमदाराला एस.टी.चा प्रवास फुकट असतो, पण किती आमदार त्या गाडीत दिसतात? सांगोल्याचे आबासाहेब दिसत. धोट्यासारखी सांगोला-मुंबई, मुंबई-सांगोला ये-जा. ज्याला गाऱ्हाणं सांगायचं त्याने स्टँडवर गाठावं. आपल्या वस्तीतल्या आमदाराला गाठायचं तर आधी त्याच्या पोराला, मग पोराच्या दोस्ताला, मग दोस्ताच्या मोटारीच्या ड्रायव्हरला गाठावं लागतं!

याच काळात इकडे मुंबईत काय चाललं होतं ते आठवा. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेला. पगाराइतकीच मोठी मागणी होती ती मुंबई औद्योगिक संबंध कायदा मोडण्याची. तो कायदा १९४६ चा. एका धंद्यात एकच मान्य युनियन, तीच कामगारांच्या वतीने बोलणार, मग कामगाराला ती हवी असो वा नसो. हा कायदा कुठे जन्मला? मुंबई प्रांताच्या विधिमंडळात. बदलायचा कुठे? विधानसभेतच. रस्त्यावर अडीच लाख माणूस होता. सभागृहात त्यांच्यासाठी हात वर करणारे किती होते, ते मोजायला हाताची बोटं जास्त झाली. डॉ. दत्ता सामंत १९८४ साली निवडून गेले, पण लोकसभेत. कायदा राहिला, संप मोडला, घरं मोडली. नंतर गिरण्यांच्या जमिनीचे नियम १९९१ साली झाले, २००१ साली ते फिरवले गेले, आणि कामगारांच्या घरांच्या वाट्याला आलेली जमीन आटली. तेही मंत्रालयात. आमदार या माणसाचं आपल्याला काय पडलंय असं म्हणणाऱ्या भावाला आमचं एवढंच सांगणं आहे की एकदा परळच्या पुलावर उभा राहा आणि वर बघ.

आता १९९५.

त्या निवडणुकीत काँग्रेसचे शहाजीबापू पाटील १९२ मतांनी निवडून आले. ही मतं कुठे गेली याचा शोध तालुक्यात किती जणांनी घेतला असेल! निवडणूक फेब्रुवारी-मार्चातली. ऊसतोडीचा हंगाम चालू. दुष्काळी तालुक्यातला माणूस त्या दिवसांत घरी असतो कुठे? कोण कारखान्याच्या फडात, कोण मेंढरं घेऊन परमुलखात, कोण मुंबई-पुण्याला पोटासाठी. आम्ही असं म्हणत नाही की त्यामुळेच ते पडले. पण ज्याचा मतदार गरीब त्याचा मतदार गैरहजर, हा हिशेब प्रत्येक निवडणुकीला असतो. शेटजीचा मतदार बंगल्यातून चालत येतो. आपला मतदार शंभर कोसांवरून यायचा, तर त्याला खाडा आणि गाडीभाडं दोन्ही पडतं. आणि दुसरंही एक. "आबा काय, येणारच निवडून" असं म्हणून घरी बसलेला माणूसही त्यात असणार. सात वेळा आलेला आठव्यांदाही येतो, हे गृहीत धरणाऱ्यांनी किती सीटा घालवल्या असतील!

गणपतराव तेव्हा सत्तरीच्या उंबऱ्यावर. दुसरा असता तर आठवणी लिहायला बसला असता. पण १९९३ साली आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली होती. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि हे, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालं पाहिजे म्हणून माणसं जमवत होते. आमदारकी गेली तरी ते काम जाग्यावर होतं. टेंभू, म्हैसाळ ही नावं आज सांगोल्याचं शेंबडं पोर जाणतं, ती अशा वर्षानुवर्षांच्या परिषदांतून. १९९९ साली ते पुन्हा निवडून आले, पुन्हा मंत्री झाले. मग २००४, २००९, आणि २०१४. शेवटच्या खेपेला वय ८८, आणि समोर तेच शहाजीबापू, आता शिवसेनेचे. पंचवीस हजारांवर मतांनी जिंकले. अकरा वेळा आमदार, एकच मतदारसंघ, एकच पक्ष. मधली दोन पराभवांची वर्षं वजा केली तरी विधानसभेत पन्नास वर्षं भरतात.

सूतगिरणीचं सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते आपलं खातं आहे. जिथे कापूस पिकत नाही त्या सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांच्या पुढारपणाखाली उभी राहिली आणि चालली. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांचे सांगाडे किती पडलेत ते आम्ही सांगायला नको. भागभांडवल शेतकऱ्याचं, कर्ज सरकारचं, आणि मजा चेअरमनच्या जावयाची! तशात एक गिरणी नीट चालवणं हे मोठंच काम. तरी एक कुसळ आमच्या डोळ्यात आहेच. लाल बावट्याचा माणूस चेअरमनच्या खुर्चीत बसला की त्रासन खात्यातल्या साइडरने मागणी कुणाकडे करायची? सहकारी गिरणीलाही मालक असतो, तो फक्त दिसत नाही. तिथेही युनियन लागते, आणि चेअरमन भला असला तर जास्तच लागते, कारण भल्या माणसापुढे कामगार तोंड उघडत नाही.

आणि आता आमची खरी तक्रार. १९६७ साली शेकापचे १९ आमदार होते. १९७८ ला १३, ८५ लाही १३. मग ९० ला ८, ९५ ला ६, ९९ ला ५, २००४ ला २. २०१४ साली आबासाहेब अकराव्यांदा निवडून आले तेव्हा पक्षाचे सगळे मिळून तीन. माणूस मोठा होत गेला आणि पक्ष आटत गेला! याचा दोष एकट्या गणपतरावांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण गड राखणं आणि मुलूख राखणं यांत फरक आहे, आणि सांगोल्याचा गड राखता राखता बाकीचा मुलूख गेला हे कबूल केलं पाहिजे. आपल्या युनियनमध्येही हेच होतं. एक पुढारी चांगला मिळाला की आपण निर्धास्त होतो. दुसरा तयार करायचा असतो हे त्याच्या शोकसभेत आठवतं.

२०१९ साली वयामुळे ते उभे राहिले नाहीत. उमेदवारी मिळाली नातवाला, अनिकेत देशमुखांना. आम्हाला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. पन्नास वर्षं ज्याने कार्यकर्ते घडवले, त्याच्या तालुक्यात घराबाहेर उमेदवार सापडू नये? अनिकेतराव पडले, ७६८ मतांनी. पुन्हा तेच शहाजीबापू, पुन्हा तोच केसभर फरक. हे बापू २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंद्यांबरोबर गुवाहाटीच्या हॉटेलात होते, आणि तिथल्या झाडी-डोंगराचं त्यांनी फोनवर केलेलं वर्णन साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं. ते ऐकायला आबासाहेब नव्हते. ३० जुलै २०२१ ला ते गेले, वयाच्या ९४ व्या वर्षी. २०२४ साली दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, तिरंगी लढतीत निवडून आले. साऱ्या विधानसभेत शेकापचा तेवढा एकच. खटकलं म्हणून आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण एकच!

आता आपलं बघू. ७६८ काय आणि १९२ काय, ही आपल्यासारख्यांचीच मतं. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १९९६ साली १३५ ब हे कलम आलं. कारखाना असो, दुकान असो, मतदानाच्या दिवशी मतदार कामगाराला भरपगारी सुट्टी द्यायची, रोजंदारीवाल्यालाही द्यायची. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल तेवढाच त्यातून वगळला आहे. आणि मालकाने दिली नाही तर दंड? पाचशे रुपयांपर्यंत. तेवढ्यात साहेबाचा एका वेळचा चहा-फराळ होतो.

गेल्या विधानसभेच्या मतदानाला आम्ही ज्या गिरणीत होतो, तिचं नाव घेत नाही, तिथे नोटीस लागली: "दोन तासांची सवलत." कंत्राटी माणसांना तेवढीही नाही, कंत्राटदार म्हणाला, यादीत नाव असेल त्याने उद्यापासून यायचं नाही. साचे चालू राहिले. आमच्या पाळीतल्या ज्यांचं गाव तीस-चाळीस मैलांवर होतं, त्यांना दोन तासांत जाऊन यायला गाडीच नव्हती. संध्याकाळी पाळी सुटल्यावर आम्ही गेटवर उभे राहून एकेकाचं बोट बघितलं. सत्तावीस बोटांना शाई नव्हती.