काडीपेटीने जागा साफ होत नाही

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला पडीक भूखंड असो की दौंड-शिरूरच्या बागायतीतला माजलेला बांध, साफसफाईची रीत एकच. जेसीबी येतो, वेडी बाभूळ आडवी करतो, गाजरगवतासकट सगळे ओढून कोपऱ्यात रचतो आणि निघून जातो. जागा मोकळी दिसली की ठेकेदाराचे बिल निघते. मागे उरलेल्या ढिगाला मात्र वाली नसतो. उन्हात तो कडकडीत वाळतो आणि एखाद्या संध्याकाळी कोणीतरी काडी लावून मोकळा होतो. दोष त्याच्यावर ढकलणे सोपे आहे. पण खरी चूक त्याआधीच, काम ठरवताना झालेली असते. झाडोरा काढायचा दर ठरतो; काढलेल्याचे पुढे काय करायचे, हे कोणी विचारतच नाही.

जाळून जागा साफ होते, हा समजही तपासायला हवा. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडून वर जाळ केला, तरी बुंधा जिवंत राहतो आणि पावसाळ्यात त्याच जागी चार फांद्या जास्त फुटतात. बुंधा मुळासकट खणून काढणे हाच उपाय, आणि तो केला तर आगीची गरजच उरत नाही. त्यात कुरकुंभला आगीशी खेळणे परवडणारे नाही. ऑगस्ट 2019 मध्ये इथल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली, तेव्हा आसपासच्या लोकांना रात्री घरे सोडावी लागली होती. अशा कारखान्यांच्या कुंपणालगत वाळले गवत पेटवणे, शेजारून पुणे-सोलापूर महामार्ग वाहत असताना धुराचा पडदा उभा करणे, याला साफसफाई कसे म्हणायचे? उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हरित लवादाने त्यासाठी 5 हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25 हजार रुपये भरपाई ठरवली. तरी ढीग पेटतातच, कारण मनाई झाली पण दुसरी वाट दाखवली गेली नाही.

ती वाट या भागाला अनोळखी नाही. हेक्टरभर उसातून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. ते पेटवले की त्यातले नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो. पालाश राखेत उरतो, पण वाऱ्याने राख उडाली की तोही गेला. म्हणून पाचट सरीत दाबून त्यावर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे. भूखंडावरच्या कोवळ्या झाडोऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो. पाला, गवत आणि बोटाएवढ्या फांद्या बारीक करून ओलावा राखला, ढीग अधूनमधून चाळवला, तर काही महिन्यांत खत होते. गाजरगवत मात्र फुलण्याआधीच घ्यावे आणि बाभळीच्या शेंगा ढिगात पडू देऊ नयेत, नाहीतर खताबरोबर रानभर बी पसरेल. जाड लाकडाला सरपण म्हणून, कोळशासाठी किंवा बॉयलरचे जळण म्हणून गिऱ्हाईक असते.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. फांद्यांनी ट्रॉली शिगोशीग भरते, वजन मात्र भरत नाही. भाडे अंगावर पडते. म्हणूनच ढीग वाहून नेण्याऐवजी कुट्टी जागेवर करायची. त्यासाठी प्रत्येकाने यंत्र घ्यायला नको. ट्रॅक्टरवर चालणारे एक यंत्र औद्योगिक वसाहत आणि ग्रामपंचायतीने मिळून भाड्याने फिरवले तरी पुष्कळ झाले. दुसरा आक्षेप काट्यांचा आणि साप-विंचवांचा. काटेरी फांदी हाताने मोडायला कोणी धजणार नाही, तिला यंत्रच हवे. आणि साप आसरा घेतात तो महिनोन्महिने पडून राहिलेल्या ढिगात, चार दिवसांत कुट्टी होणाऱ्या ढिगात नव्हे. तिसरा आक्षेप वेळेचा: बांधकामाला उशीर होतो. पण कुट्टी पसरून ठेवायला भूखंडाचा एक कोपरा पुरतो, तेवढ्यासाठी पाया खणायचे थांबत नाही.

तेव्हा सुरुवात कागदापासून करावी. सफाईच्या प्रत्येक ठेक्यात एक ओळ वाढवावी: बारीक झाडोऱ्याची कुट्टी झाली आणि जाड लाकूड उचलले गेले, की मगच अखेरचे बिल निघेल. पलीकडच्या उसाच्या रानाला सेंद्रिय कर्ब हवा आहे, बॉयलरला जळण हवे आहे. मधल्या ढिगाला मालक मिळाला, की काडीपेटी खिशातच राहील.