सरासरी आणि सतरा नंबरचा फॉर्म

गणपतीला नातू पुण्याहून दापोलीला आला, तेव्हा माझी एक मुदत ठेव संपून पैसे बँकेत नुसतेच पडून होते. "आजोबा, निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाका. थोडे अमेरिकेच्या एस अँड पी ५०० मध्ये," तो म्हणाला. मी मराठी-इतिहास शिकवणारा मास्तर. शेअरबाजार म्हणजे बातम्यांच्या शेवटी येणारा सेन्सेक्सचा आकडा, एवढीच ओळख.

त्याने समजावलं ते असं. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांची सरासरी, पण साधी नव्हे. बाजारात जिची किंमत जास्त, तिचं वजन जास्त. इंडेक्स फंड त्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेतो. निवड करणारा हुशार माणूस लागत नाही, म्हणून खर्चही कमी. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ साली असा फंड सामान्य माणसासाठी काढला, तेव्हा लोकांनी त्यांची थट्टा केली होती.

"आणि एखादी कंपनी बुडाली तर?"

"तिला काढून दुसरी घेतात. जानेवारी २००९ मध्ये सत्यमला तसंच काढलं."

मला आमची शाळा आठवली. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावत. मूल बाहेरून परीक्षेला बसतं, शाळेच्या निकालात धरलं जात नाही. अशा एका मुलाच्या वडिलांची समजूत मीच घातली होती. ते काही बोलले नाहीत, टोपी सारखी केली आणि गेले.

"ही तर तीच चलाखी!" मी म्हटलं.

पण चूक माझी होती. कंपनी बदलली की भाजकही असा बदलतात, की त्या अदलाबदलीने आकडा हलत नाही. सत्यम कोसळल्याचा फटका निर्देशांकाने आणि फंडाने तोवर सोसलेला होता. नापासाचे गुण धरूनच ही सरासरी! आमच्यापेक्षा हिशेब प्रामाणिक.

नातू गेल्यावर मी स्वतः वाचत बसलो, तेव्हा जपानचं कळलं. तिथला निक्केई १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. मधल्या काळात लाभांश मिळत होता हे खरं, पण चौतीस वर्षं! मी चौऱ्याहत्तर वर्षांचा.

म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांत औषधपाण्याला लागेल ती रक्कम पुन्हा ठेवीतच ठेवली. उरलेली, फार नाही, निफ्टीच्या फंडात घातली आणि नॉमिनी म्हणून नातवाचं नाव लावलं. अमेरिकेचं तूर्त नको. तिथे डॉलरचा भावही बघत बसावा लागतो.

रात्री हिला सगळं सांगितलं. पैशांबद्दल ती काहीच बोलली नाही. "अहो, तो मुलगा पुढे पास झाला का?" एवढंच विचारलं.

मी कधी चौकशीच केली नव्हती.