नामांतर सर्व्हरचं, भोग शाखेचे

सॉफ्टवेअर वाटायचं असेल तर त्याचा मार्ग सर्व्हरच्या नावानं लिहू नये, हे विंडोज २००० आल्यापासून वाचणाऱ्याला ठाऊक आहे. आमच्या संस्थेचे नेटवर्कतज्ज्ञ साहेब वाचत नाहीत. ते प्रमाणपत्रं लॅमिनेट करतात.

संस्थेचं नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो. मुख्य कार्यालय शहरात, एक शाखा इथं लासूर स्टेशनला. हिशेबाचं सॉफ्टवेअर शहरातल्या सर्व्हरवर, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. मशीनांना सॉफ्टवेअर नेमून देणाऱ्या ग्रुप पॉलिसीत त्याचा मार्ग ठोकलेला: दोन तिरपे दांडे, मग सर्व्हरचं नाव, त्यात अख्खं ‘औरंगाबाद’. २०२३ साली शहराचं नाव बदललं आणि साहेबांच्या अंगात कर्तव्य संचारलं. त्यांनी सर्व्हरचंही नामांतर करून टाकलं! राजपत्रात सर्व्हरचा उल्लेख होता का हो?

आता विंडोज इन्स्टॉलर हा भलता एकनिष्ठ प्राणी. सॉफ्टवेअर जिथून आलं ती जागा तो नोंदवून ठेवतो, आणि उद्या एखादी फाईल बिघडली, दुरुस्ती निघाली, की मूळ प्रत मागायला तिथंच जाऊन उभा राहतो. मोंढ्यात लाल ट्रॅक्टर उभाय तिथं ये, असं पाहुण्याला सांगायचं आणि ट्रॅक्टर घेऊन आपणच निघून जायचं, तशातली गत. शाखेत सगळ्या पडद्यांवर एकच विलाप: स्रोत सापडत नाही.

बरं, पॉलिसीत एकदा घातलेला मार्ग पॉलिसीच्या खिडकीतून बदलता येत नाही. पॅकेज काढून पुन्हा घालावं लागतं. काढताना विंडोज अदबीनं विचारतं, सॉफ्टवेअर सगळीकडून लगेच उतरवू, की असलेलं राहू देऊ? साहेबांनी निर्भीडपणे पहिला पर्याय निवडला. सकाळी शाखेतली मशीनं सुरू झाली आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिस्तीत चालतं झालं. ऐन कांद्याच्या हंगामात. काउंटरपलीकडे अडते उभे, अलीकडे आम्ही रिकाम्या पडद्याकडे बघत.

मग आला झेड ड्राइव्ह. ‘सर्व्हरचं नावच नको, झेड लिहू!’ काय ही प्रतिभा. अहो, झेड हा लॉगिन केलेल्या माणसाचा. मशीनला नेमून दिलेलं सॉफ्टवेअर बसतं मशीन सुरू होताना, कुणी लॉगिन करायच्या आधी, संगणकाच्या स्वतःच्या खात्यावर. तेव्हा झेड जन्मालाच आलेला नसतो. हे सांगितलं तर उत्तर काय? ‘पण माझ्या मशीनवर दिसतोय की!’ दिसणारच. मी बघतो म्हणून ते आहे, हा शुद्ध दृष्टिसृष्टिवाद. वेदान्तात शोभतो, सर्व्हररूममध्ये त्याचं बिल येतं.

शेवटी कुणीतरी त्यांच्या कानात डीएफएस फुंकलं. खरा उपाय तोच. मार्ग डोमेनच्या नावानं एकच, मागं सर्व्हर कितीही. एखादा मेला, बदलला, पुन्हा बारसं झालं, तरी मार्ग तोच. शिवाय मशीनला जवळचा सर्व्हर मिळतो. फक्त जवळचा कोण हे कळायला प्रत्येक शाखेचा सबनेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीत आपापल्या साइटला जोडावा लागतो. मिनिटांचं काम. साहेबांनी ते क्षुद्र मानलं. परिणामी शाखेच्याच कपाटातल्या सर्व्हरवर प्रत पडलेली असताना आमची मशीनं सेटअप आणायला लातूरच्या शाखेत जाऊ लागली. लासूर काय, लातूर काय! दुपारपर्यंत लाइन तुंबलेली आणि साहेबांचा निष्कर्ष तयार: ‘लासूरचं इंटरनेट स्लो आहे.’

परवा त्यांचं नव्या सर्व्हरचं कोटेशन आलं. डीएफएस रद्द, ‘गुंतागुंत वाढते’ म्हणून. पॉलिसीत पुन्हा सर्व्हरचंच नाव. या खेपेला ते सुचवलंय ‘मेन-२०२६’. कारण विचारलं तर साहेब प्रसन्न हसले. म्हणाले, ‘यात वाद होण्यासारखं काही नाही.’