वाटेवरचा रिकामा दिवस

प्रवासाच्या शेवटच्या दिवसासंबंधानें आज वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे योजिलें आहे. निमित्त घरचेंच आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा कंपनीच्या कामाकरितां दोन महिने दक्षिण कोरियांत होता. तेथून परस्पर कॅनडांतील व्हँकुव्हर शहरीं तीन वर्षांच्या नोकरीवर त्यास रुजू व्हावयाचें होतें. काम आदल्या दिवशीं आटोपलें; विमान सायंकाळीं सातला; मधला दिवस सर्वस्वीं त्याचा होता. बोनकोडे येथील आमच्या घरीं त्याचा फोन आला तेव्हां आपल्याकडे सकाळचे नऊ व सोल शहरीं दुपारचे साडेबारा वाजले होते.

आम्हीं विचारिलें, "आज काय काय पाहिलेंस?"

"कांहीं नाहीं, अप्पा. ओढ्याकांठीं बसलों आहें."

जन्म शाळेंत गेलेल्या मनुष्यास हें उत्तर कसें रुचावें? त्या शहरांत राजवाडे आहेत, पदार्थसंग्रहालयें आहेत. आणि हा ओढ्यांत पाय सोडून बसला! परंतु तो पुढें बोलूं लागला, तेव्हां आम्हांस ऐकत राहावें लागलें. या ओढ्याचें नांव चोंग्येचोन. गेल्या शतकांत तो काँक्रीटखालीं गाडून त्यावर रस्ता व रस्त्यावर उड्डाणमार्ग बांधिला होता. २००३ सालीं तो मार्ग पाडावयास घेतला व २००५ सालीं सुमारें पावणेसहा किलोमीटर लांबीचा प्रवाह पुन्हां उघडा झाला. पाणी बहुतेक हान नदीचें, यंत्रानें चढवून सोडलेलें; तरी भर दुपारीं कचेऱ्यांतील माणसें तेथें येऊन बसतात. "दोन महिने याच पुलावरून जात होतों," तो म्हणाला, "खालीं उतरलों तो आज."

दुसरीहि एक गोष्ट त्यानें सांगितली. दोन महिने दुकानांच्या पाट्या पाहिल्या. आज प्रथम अक्षर अक्षर लावून त्या वाचिल्या. राजा सेजोंग यानें १४४६ सालीं प्रजेस दिलेली ही लिपि. तींत 'म'चें चिन्ह मुखाचा चौकोन. 'न'चें चिन्ह दांतांमागें टेकलेल्या जिभेची आकृति. 'क'चा 'ख' करावयाचा तर मूळ चिन्हांत एक रेघ वाढवावयाची. स्थान आणि प्रयत्न यांवरून वर्णांचा विचार करणाऱ्या आमच्या शिक्षाग्रंथकारांस हा राजा आपलाच सहाध्यायी वाटला असता.

इतक्यांत आमच्या मातुश्रींनीं फोन मागून घेतला. त्यांचें वय नव्वदीच्या घरांत. कोरिया म्हटलें कीं त्यांस लढाईच आठवते. "तिथें अजून लढाई चालूच आहे कां रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

प्रश्न अगदींच अस्थानीं नव्हता. १९५३ च्या जुलईच्या २७ तारखेस तेथें युद्धविराम झाला. तह अद्यापि झालेला नाहीं. मायदेशीं परतण्यास नाखूष असलेले सुमारें तेवीस हजार युद्धकैदी तेव्हां हिंदी सैन्याच्या ताब्यांत देण्यांत आले. त्या सैन्याचे सेनापति मेजर जनरल शंकरराव थोरात हे आमच्या कोल्हापूरकडील. दक्षिण कोरियाच्या त्या वेळच्या सरकारास आपल्या भूमीवर हिंदी शिपायांचें पाऊल नको होतें. म्हणून बंदरांत आलेल्या जहाजांवरून त्यांस हेलिकॉप्टरनें थेट निर्लष्करी पट्ट्यांत नेलें. ओढ्याकांठीं स्वस्थ बसण्याचें सुख त्यांच्या वांट्यास कोठून यावें?

१९५४ च्या आरंभीं तें काम संपलें. अठ्ठ्याऐंशी जणांनीं मात्र दोन्ही बाजू नाकारून तटस्थ देशाचा आसरा मागितला. हिंदी सैन्याबरोबर ते जहाजानें मद्रासेस आले व पुढें त्यांतील बरेच ब्राझील आणि अर्जेंटिना या देशांकडे गेले. कोरियांतील त्यांचा शेवटचा दिवस कसा गेला असेल? मागें आईबाप, पुढें कोणता देश त्याचा पत्ता नाहीं.

हें सारें आम्हीं मातुश्रींस समजावून सांगितलें. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "त्यांच्या आयांना फोन आला नसेल." मग नातवास विचारिलें, "आधीं घरीं येऊन मग कां रे गेला नाहींस?"

पलीकडे कांहीं वेळ नुसतें पाणी वाहिल्याचा आवाज आला. "सुटी मिळाली नाहीं, आजी. पुढच्या दिवाळीला येतों."

वाचकहो, हल्लीं घरोघरचीं मुलें एका परदेशाहून दुसऱ्या परदेशीं परस्पर जातात. घर हें त्यांच्या वाटेवर लागतच नाहीं. त्यांस आपण विचारतों तें काय? पगार किती, पाहिलें काय, घेतलें काय. आम्हींहि तेंच विचारिलें. परंतु ज्या गांवीं दोन महिने अन्न खाल्लें, त्याचा निरोप घेण्यासाठीं मुलगा दिवसभर स्वस्थ बसला, चार अक्षरें शिकला, आणि त्या स्वस्थपणांत त्यास घर आठवलें. घाईच्या दिवशीं हा फोन आलाच नसता. म्हणून त्या दिवसास वायां गेलेला म्हणण्याचें धाडस आम्हांस आतां होत नाहीं.

घरांतून कोणी प्रवासास निघालें म्हणजे मातुश्री त्याच्या हातावर दही घालतात. त्या दिवशीं दुपारीं साडेतीनला, विमान सुटण्याच्या वेळीं, त्यांनीं दह्याची वाटी देवापुढें ठेविली आणि व्हँकुव्हरहून निरोप येईपर्यंत ती कोणासहि उचलूं दिली नाहीं.