रडार ओळखणारी डबी कितपत भरवशाची?

गेल्या मे महिन्यात कोलकात्याला मामीकडे गेले होते. हावडा स्टेशनवर मामेभाऊ नवी गाडी घेऊन न्यायला आला. समोरच्या काचेला रबरी वाटीने चिकटवलेली एक छोटी काळी डबी दिसली. मी विचारण्याआधीच त्याने सांगून टाकले, "ताई, हा रडार डिटेक्टर. पुढे पोलीस स्पीड गन घेऊन उभे असले, की हा आधीच शिट्टी देतो. 22,000 रुपयांना पडला, पण अजून एकही दंड नाही!"

घरी पोचल्यावर मामीने मला स्वयंपाकघरात ओढले. "अगं, ती डबी आल्यापासून हा बायपासवर गाडी नुसती उडवतो. रात्री घरी येईपर्यंत मी गॅलरीत उभी असते. तू पेपरवाली ना? तूच सांग त्याला. खरंच चालते का ती?"

मामीची काळजी उगीच नव्हती. जानेवारी 2016 मध्ये रेड रोडवर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव चालू असताना एक भरधाव गाडी आत घुसली आणि वायुदलाच्या एका जवानाचा जीव गेला. ती सकाळ मामीच्या अजून लक्षात आहे. म्हणून मी जरा खोलात शिरले.

पोलिसांची रडार गन रेडिओ लहरी सोडते. त्या धावत्या गाडीवर आपटून परततात, तेव्हा त्यांची कंपनसंख्या थोडी बदललेली असते. या फरकावरून वेग कळतो. लहरींना गाडीपर्यंत जाऊन परत यावे लागते. डबीला मात्र जाणारी लहर मिळाली तरी पुरते, म्हणून ती दुरूनच सावध होऊ शकते. मोकळ्या रस्त्यावर गन सतत चालू ठेवली असेल, तर डबी आपले काम करते. खोटे कशाला बोला?

पण पोलीसही काही दूधखुळे नाहीत. गाडी टप्प्यात आली, की मगच गनचा घोडा दाबायचा. डबी ओरडेपर्यंत वेग नोंदवलेला असतो. लेझर गनपुढे तर तिचे काहीच चालत नाही. लेझरचा झोत 300 मीटरवरही जेमतेम मीटरभर पसरतो आणि अर्ध्या सेकंदात वेग सांगतो. दोन ठिकाणचे कॅमेरे गाडीच्या वेळा नोंदवून सरासरी वेग काढतात, तिथे तर डबीने ऐकावे असे काही नसतेच. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून असे कॅमेरे आहेत.

उलट नको तिथे ती ओरडते. दुकानांची आपोआप उघडणारी दारे आणि काही गाड्यांना बसवलेले, शेजारून येणारे वाहन दाखवणारे रडार हे पोलिसांच्या गनसारख्याच लहरी वापरतात. आम्ही एका मॉलसमोरून गेलो, तेव्हा डबीने असा कल्ला केला, की भावाने तिचा आवाजच बंद केला. मग ती बसवून उपयोग काय?

आणखी एक शत्रू म्हणजे ऊन. 30 एप्रिल 2024 रोजी कोलकात्यात अलीपूरला 43 अंश तापमान होते. अशा उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास तापतो. त्या उष्णतेने रबरी वाटीची पकड सुटते, पडदा काळवंडतो, आतले सुटे भाग लवकर म्हातारे होतात. लहरी ओळखणारा भाग तापला, की त्याचे मोजमाप सरकते आणि डबी एक तर उगीच बोंबलते, नाही तर गप्प बसते. म्हणून गाडी उन्हात लावताना ती काढून घरात न्यावी. पण रोज एवढे करतो कोण?

या लहरींचे कोलकात्याशी जुने नाते आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली इथल्या टाउन हॉलमध्ये, मध्ये भिंती असताना, अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या लहरींची लांबी 5 मिलिमीटरपासून 2.5 सेंटिमीटरपर्यंत होती. आजच्या रडार गनच्या बऱ्याचशा लहरी त्यातच बसतात. लहरी ओळखण्यासाठी त्यांनी बनवलेल्या गॅलेना खड्याच्या साधनाला 1904 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. लहरी ओळखणारे साधन सतत वापरले, तर ते जणू थकते आणि विश्रांती दिली, की पुन्हा ताजे होते, हेही बोस यांच्या लक्षात आले होते.

डबी पोलिसांपासून लपवता येते का, हा भावाचा प्रश्न. काचेमागे ती डोळ्यांनाच दिसते, हे सोडा. बाहेरची लहर ओळखण्यासाठी अशी डबी स्वतःच्या पोटात एक बारीक लहर तयार करते. त्यातली थोडी बाहेर झिरपते. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत आणि अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात या डब्यांना बंदी आहे. तिथले पोलीस झिरपणारी लहर हुडकणारे यंत्र वापरतात. म्हणजे टेहळणी करणाराच खोकून सापडायचा! कारखान्यांनी डबीला आतून कवच घातले, तेव्हा पोलिसांकडे आणखी तीक्ष्ण यंत्र आले. उलट्या लहरी सोडून गनला गोंधळवणाऱ्या जॅमरच्या नादी तर कोणी लागूच नये. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय तो वापरणे बेकायदा आहे.

रात्री जेवताना मी कागदावर हिशेब मांडला. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी, चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असे धरून, सुमारे 37 मीटरांत थांबते. ताशी 90 असेल, तर 70 मीटर लागतात. 50 मीटरांवर कोणी रस्ता ओलांडत असेल तर? भाऊ वरण कालवत राहिला, काही बोलला नाही. मामी बोलणार होती, पण मामांनी तिला नजरेनेच गप्प केले.

तिसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर चलान आले, मा उड्डाणपुलावरचे. सोबत गाडीचा फोटो. केंद्रीय कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मोटारगाडीला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे. "ताई, डबी चालू होती गं त्या दिवशी!" तो म्हणाला.

आम्ही खाली जाऊन पाहिले, तर डबी काचेवरून सुटून सीटखाली पडलेली. पडदा काळा, बटण दाबूनही हालचाल नाही. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, उन्हाने बिघडलेली वस्तू हमीत बसत नाही.

डबी आता मामीच्या माळ्यावर जुन्या मिक्सरशेजारी पडली आहे. मामी मात्र अजूनही रात्री गॅलरीत येते, असे मामा परवा फोनवर सांगत होते.