पंगत कोणाची, वाढपी कोण?

माणसाची जात विचारण्याची जागा या देशात केवळ देवळाचा उंबरठा किंवा पाणवठा एवढीच नव्हती. जेवणाचे पान ही त्याहून निर्दय जागा होती. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्या घरातील वृद्धांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. लग्न गावातले, परंतु आपली पंगत मांडवाबाहेर. आणि तीही इतरांची जेवणे उरकल्यानंतर. गावकीचे काम रात्रंदिवस करावयाचे आणि त्याचा मोबदला म्हणून दारोदार उभे राहून वरून टाकलेली भाकर पदरात झेलावयाची. त्या भाकरीने पोट भरत असेल, पण माणूसपण उपाशी राहत होते.

म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्काबरोबरच अन्नाचा प्रश्न काढला. मेलेल्या जनावराचे मांस व शिळ्यापाक्या तुकड्यांची भीक सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, तेव्हा तेथे काही प्रतिनिधी जेवत होते. हल्लेखोरांनी त्यांचे अन्न मातीत मिसळले. स्वाभिमानाने शिजविलेले अन्नसुद्धा जातीला सहन होत नाही, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला दिसले.

या अनुभवातून आलेल्या समाजाने शीख बांधवांच्या लंगराची प्रथा समजून घेणे अगत्याचे आहे. परक्या धर्माशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणू नये. १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यावर बाबासाहेबांनी अनेक धर्म पारखले. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेस गेले, आणि त्याच वर्षी शीख धर्माच्या अभ्यासासाठी त्यांनी आपले काही अनुयायीही तेथे पाठविले. १९३७ मध्ये मुंबईत खालसा कॉलेज निघाले, तेही याच संबंधांच्या काळात. अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला. परंतु पारखून घेण्याची त्यांची रीत आपणही सोडता कामा नये.

पंगत हा शब्द मराठीत आहे आणि पंजाबीतही आहे. अर्थ मात्र उलट झाला. आपल्याकडे पंगत म्हणजे जातीची गाळणी. कोण कोणाशेजारी बसणार नाही, हे ठरविण्याची ती सोय. पंजाबात गुरू नानकांनी (१४६९–१५३९) करतारपूर येथे शेती करीत सर्वांना एकत्र जेवू घातले. दुसरे गुरू अंगद यांची पत्नी माता खीवी हिने लंगर चालविला, आणि तिचा गौरव शिखांच्या धर्मग्रंथात नोंदला गेला. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवाल येथे नियमच केला की, आधी पंगतीत बसा, मग गुरूला भेटा. बादशहा अकबरही तेथे सामान्यांबरोबर बसून जेवला, असे शीख परंपरा सांगते. जो जेवणार नाही त्याला भेट नाही! भेदाचे मूळ ताटात आहे हे ओळखून त्यांनी घाव तेथेच घातला.

आपल्या नामदेवांच्या एकसष्ट रचना त्याच ग्रंथात आदराने समाविष्ट आहेत. त्यांच्या सांगातीच्या चोखोबाला मात्र पंढरपुरात देवळाबाहेरच राहावे लागले. भजनातली समता आपल्याकडे ताटापर्यंत पोहोचली नाही, हे दुःखाने म्हणावे लागते.

लंगरात सारे जमिनीवर एका रांगेत बसतात. उंच आसन कोणाला नाही. अन्न सर्वांना एकच, साधे व शाकाहारी, म्हणजे आहाराच्या कारणाने कोणी वगळला जाऊ नये. पैसे घेत नाहीत, जात विचारीत नाहीत. पीठ मळणारे, वाढणारे आणि खरकटी भांडी घासणारे सेवेकरी असतात. त्यांत पुरुष असतात, सुखवस्तूही असतात. रोटी घेताना मात्र श्रीमंतालाही दोन्ही हात पुढे करावे लागतात. ज्यांच्या पूर्वजांना एकट्यानेच हात पसरावे लागले, त्यांनी या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सर्वांनीच हात पसरले की भीक उरत नाही.

हे पाहावयास अमृतसरला जाण्याची गरज नाही. कल्याणहून मुरबाडकडे निघालात की वाटेवरच उल्हासनगर लागते. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांचे हे नगर. त्यांच्यात नानकांना मानणारे पुष्कळ. २०२० च्या टाळेबंदीत शहापूरवरून कसाऱ्याच्या घाटाकडे पायी निघालेले मजुरांचे तांडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. त्याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील करंजीजवळच्या हमरस्त्यावर गुरुद्वाऱ्याच्या लंगराने लक्षावधी वाटसरूंना जेवू घातले. नित्याची शिस्त होती, म्हणून संकटात ती उभी राहिली.

परंतु आंधळे कौतुक आम्हांस मान्य नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृतसरच्या सुवर्णमंदिरात अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या शिखांनी प्रसाद आणला, तेव्हा पुजाऱ्यांनी तो घेण्यास नकार दिला. ज्या धर्मात लंगर चार शतके चालत आला, त्याच्याच मुख्य मंदिरात हे घडले! वाद झाला, ग्रंथ उघडून कौल घेतला गेला आणि प्रसाद स्वीकारावा लागला. गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीला त्यातून जोर चढला. तरीही पंजाबातील कित्येक गावांत दलित शिखांचे गुरुद्वारे व स्मशाने वेगळी राहिली. यावरून एकच धडा घ्यावयाचा. समतेचा नियम एकदा केला म्हणजे तो कायमचा टिकतो असे नाही. त्याची रोज राखण करावी लागते.

आमच्या धम्माला हा विचार नवा नाही. भिक्खूंनी एकही घर न वगळता ओळीने भिक्षा घ्यावी, अशी रीत होती. तथागतांचे अखेरचे भोजन चुंद लोहाराच्या घरचे होते, आणि त्या भोजनाबद्दल चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम बजावले. वारसा असा थोर आहे. आपले वर्तन त्याला शोभते काय?

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने खानावळीत मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. हॉटेलचे दार कायदा उघडू शकतो. आपल्या विहाराच्या अंगणातील पंगत मात्र आपणच उघडावयाची आहे. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला गावोगाव भोजने होतात. त्या वेळी वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या कातकरी कुटुंबाला बोलावणे जाते काय? गेले तर ते आपल्या शेजारी बसते, की त्याला नंतर पातेल्यातले उरलेले मिळते? चर्मकार व मातंग बांधव पंगतीत असतात काय? आपल्या माताभगिनी पहाटेपासून चुलीपुढे असतात. त्या शेवटी जेवतात की बरोबर? ज्या अन्यायाने आपण पोळलो, तो आपल्या हातून दुसऱ्यावर होत असेल, तर आपण दीक्षा घेतली पण जात सोडली नाही, असेच म्हणावे लागेल.

यासाठी मोठा निधी नको, आणि लग्नातल्या जेवणावळींसारखे कर्ज तर मुळीच नको. दर पौर्णिमेस प्रत्येक घराने पसाभर तांदूळ व मूठभर डाळ विहारात आणावी. वाढण्याची व भांडी घासण्याची पाळी पुरुषांनी घ्यावी, अध्यक्षांनीसुद्धा. राखीव जागा नको, देणगीदाराच्या नावाची पाटी नको. गावातील प्रत्येक वस्तीला निमंत्रण जावे, आणि जो येईल त्याने रिकाम्या जागी बसावे.

मांडवाबाहेर बसविलेल्या आपल्या आजोबांना न्याय देण्याचा मार्ग हाच आहे. आपल्या मांडवाबाहेर कोणीही बसता कामा नये.