आत्याचा एक इंच

तीन वर्षांपूर्वी कन्नडला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. जेवणावळी उरकल्यावर पुतण्यानं सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि एक ग्रुप फोटो काढला. बारा माणसं. थोरली आत्या नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. हाका मारमारून बोलावलं, तेव्हा पदराला हात पुसत आली आणि उजव्या टोकाला उभी राहिली. डाव्या टोकाला ओसरीचा खांब होता.

फोटो झकास आला. तो भिंतीवर लावायचा म्हणून मी संभाजीनगरहून एक तयार फ्रेम घेऊन आलो, ८ बाय १० इंचाची. फ्रेम आधी, फोटो मागून. नाल सापडली म्हणून घोडा घ्यावा, त्यातला प्रकार! मग पेनड्राइव्ह घेऊन एका लॅबमध्ये गेलो, "एट बाय टेन काढा" म्हणालो, अर्ध्या तासात फोटो हातात. तिथेच फ्रेममध्ये बसवला आणि घरी आणून टांगला.

दिवाळीला आत्या आली. चहा पिता पिता भिंतीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "मी नाही का रे ह्याच्यात?"

मी उठून जवळ गेलो. डावीकडचा खांब गायब होता. उजवीकडे आत्याच्या जागी तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. दोन महिने तो फोटो आमच्यासमोर होता आणि घरातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. "असू दे," आत्याच मला समजावत म्हणाली, "मी तशीही कडंलाच होते."

पुढच्या खेपेला लॅबमध्ये विचारलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, साइज बसंना म्हणून साइडनं कट झालं." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी माप सांगितलं, त्यानं मापात बसवलं.

तेव्हापासून मी या मापांच्या भानगडीत जरा डोकं घातलं. मामला सोपा आहे, पण कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहितो.

पुतण्याच्या डीएसएलआरचा फोटो ३:२ या प्रमाणात असतो. हे प्रमाण ३५ मिलिमीटरच्या रोलपासून चालत आलंय. जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाच्या माणसानं सिनेमाची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी घातली आणि ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट घेतली. तो लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि पुढे ते माप जगभर रुळलं. आपण ज्याला पोस्टकार्ड साइज म्हणतो तो ४ बाय ६ इंचाचा कागद बरोबर याच प्रमाणात आहे. म्हणून रोलच्या काळात पोस्टकार्डवर फोटो बिनबोभाट बसायचे.

८ बाय १० हे माप त्याच्याही आधीचं, मोठ्या पेटी-कॅमेऱ्यांच्या काळातलं. त्या कॅमेऱ्यांत काचेची प्लेटच तेवढी असे आणि प्लेट कागदावर ठेवून तिच्याच मापाचा फोटो छापत. ते प्रमाण ५:४. आता हिशेब करा. ३:२ चा फोटो ८ इंच उंच केला की रुंदी होते १२ इंच, आणि कागद आहे १० इंचांचा. दोन इंच जादा, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक इंच छाटा. आमच्या फोटोत बारा इंचांत बारा माणसं दाटीवाटीनं उभी होती. माणशी साधारण एक इंच. डाव्या इंचात खांब गेला, उजव्या इंचात आत्या गेली.

मोबाइलची तऱ्हा आणखी वेगळी. बहुतेक मोबाइलचा फोटो ४:३ असतो. जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचंही हेच प्रमाण होतं, कारण तेव्हाचे कॉम्प्युटरचे पडदे तसे होते. असा आडवा फोटो पोस्टकार्डवर पूर्ण भरायचा तर ६ इंच रुंदीला साडेचार इंच उंची लागते. कागद चार इंचच. म्हणजे वरून-खालून मिळून अर्धा इंच, उंचीचा नववा भाग गेला. मागच्या ओळीतल्या उंच माणसाचं कपाळ नाहीतर पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे! फोटो १६:९ वर काढला असेल तर त्याच कागदावर रुंदीतला जवळपास सहावा हिस्सा जातो.

रोलच्या काळातही ८ बाय १० काढताना कडा जायच्याच. तेव्हा सगळं छान होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ओळखीचा स्टुडिओवाला निगेटिव्ह उजेडात धरून विचारायचा, "कुठून कापू?" आता मशीन मधोमध धरतं आणि दोन्हीकडून सारखं छाटतं. कडेला खांब आहे की माणूस, हे त्याला कुठून कळणार?

आणि आपल्याकडे कडेला कोण उभं असतं, हे एकदा घरचे जुने-नवे अल्बम काढून बघाच. मध्ये आजोबा, बाजूला कमावते, जावई, नवी जोडपी. टोकाला उशिरा हात पुसत आलेली बाई, विधवा आत्या, घरात काम करणारी मावशी, "मला नको, मी कशाला" म्हणणारं कुणीतरी. जो आधीच कडेला आहे त्यालाच कागदाचं माप पहिल्यांदा बाहेर काढतं. मशीनच्या मनात काही नसतं. पण आपण न बघता "भरून काढा" म्हणतो, तेव्हा तो निर्णय आपलाच असतो.

माझं म्हणणं इतकंच की कापायचं असेल तर आपण बघून कापावं. लॅबमध्ये जाण्याआधी मोबाइलवरच त्या मापात फोटो बसवून बघता येतो. न कापता काढायचा असेल तर "पूर्ण फोटो बसवा, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल" असं स्पष्ट सांगावं. लोकांना ती पट्टी म्हणजे चूक वाटते. आमच्या वडिलांच्या अ‍ॅगफा क्लिक-३ मधून निघालेल्या चौकोनी फोटोंना चारी बाजूंनी पांढरी किनार होती. तिला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

माप निवडताना फोटोकडे बघून निवडावं. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोला ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८. मोबाइलच्या फोटोला ६ बाय ८ किंवा ९ बाय १२. ५ बाय ७ मध्येही मोबाइलचा फोटो जवळजवळ पूर्ण बसतो. आणि फोटो काढणाऱ्यानं दोन पावलं मागे सरकून चारी बाजूंना मोकळी जागा ठेवावी. कापायला भिंत असली की माणसं वाचतात.

फ्रेमचं तर सांगायलाच नको. आपल्या गावोगावच्या फ्रेमवाल्याकडे पट्टी आणि काच दोन्ही हव्या त्या मापात कापून मिळतात. देवाच्या तसबिरी आपण तशाच करून घेत आलोय. तयार फ्रेमच्या नादानं मी ते विसरलो.

आत्याला म्हणालो होतो, "नवा फोटो काढून आणतो." आज आणू, उद्या आणू, असे आठ महिने गेले. लॅब साठेक किलोमीटरवर, फाइल पुतण्याच्या लॅपटॉपवर, आणि आळस माझ्या अंगात. गेल्या वर्षी पावसाळ्यात आत्या गेली.

दहाव्याला तसबीर हवी म्हणून सगळ्यांनी आपापले मोबाइल धुंडाळले. आत्या सगळीकडे टोकाला, पाठमोरी, नाहीतर अर्धी. आधार कार्डावरचा फोटो लावायला कुणाचं मन होईना. शेवटी पुतण्यानं तीच वास्तुशांतीची फाइल उघडली. सहा हजार पिक्सेल रुंदीत आत्याच्या वाट्याला जेमतेम पाचशे आलेले, त्यातला चेहरा दीडएकशे. मोठा केला की डोळे पुसट व्हायचे. जो इंच मी लॅबमध्ये टाकून आलो होतो, तेवढाच आता आम्हाला हवा होता.

शेवटी तसबीर लहानच केली, तळहाताएवढी. आणि ग्रुप फोटो ८ बाय १२ मध्ये पूर्ण काढून आणला, कन्नडच्याच फ्रेमवाल्याकडून मापाची फ्रेम करून घेतली. आता डावीकडे खांब आहे आणि उजवीकडे पदराला हात पुसणारी आत्या.

तुमच्याही भिंतीवर असा एखादा फोटो असेल. मूळ फाइल उघडून एकदा शेजारी धरून बघा. कडेला कोण होतं, ते अजून असेल तर त्याला दाखवायला उशीर करू नका.